कॉल लावू नका

अरुणाचलातल्या लामा कॅम्पवर एप्रिलअखेर पहाटे साडेचारलाच फटफटतं. पुण्यात त्या वेळी दुधाच्या पिशव्याही आलेल्या नसतात. तंबूची चेन उघडून डोकावले तर समोर काही नव्हतं. काल संध्याकाळी पाहिलेली दरी नव्हती, पलीकडची डोंगररांग नव्हती, वीस पावलांवरची स्वयंपाकाची झोपडीसुद्धा नव्हती. ढग दरीतून वर चढत होता आणि आम्ही त्याच्या पोटात होतो. पाऊस नव्हता, तरी तंबूच्या कापडावर टपटप चालूच होती. ढगातलं बारीक पाणी ओकच्या पानांना, फांद्यांवरच्या शेवाळाला, लोंबत्या दगडफुलाला चिकटतं, त्याचे थेंब होतात आणि ते खाली गळतात. गोडा मसाला करताना आपण चिमूटभर दगडफूल तेलावर परततो ना, त्याच्या जातकुळीच्या झिपऱ्या इथे हातभर लांब वाढतात. आभाळ कोरडं राहिलं तरी या जंगलातली जमीन ओलीच असते, कारण झाडं ढगातून पाणी गाळून घेतात.

मी ३१ वर्षं पुणे आकाशवाणीत ध्वनिमुद्रणाचं काम केलं. स्पूलची टेप ब्लेडनं कापून चिकटवण्याचे दिवस पाहिले आणि संगणकावर माऊसनं तेच करण्याचेही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सवय सुटलेली नाही. जंगलात शिरले की मी आधी ऐकते, मग बघते. ढगात तर ऐकण्यावाचून गत्यंतरच नसतं. त्या पहाटे अर्धा तास दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत होती आणि मी वहीत आवाजांच्या जागा लिहीत होते. डावीकडे खाली बांबूच्या दाटीत दोन टिटकारे, वर उंचावर कोकिळेच्या कुळातला कोणी तरी तेच दोन सूर पुन्हा पुन्हा घेतोय, लांब ओढ्याच्या अंगाला एक शीळ. ओल्या हवेत आवाज मऊ होऊन येतो आणि त्याचं अंतर कळत नाही. स्टुडिओत असा आवाज मिळवायला आम्ही काय काय खटपटी केल्या असतील!

अरुणाचल प्रदेशातल्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातलं ईगलनेस्ट अभयारण्य २१८ चौरस किलोमीटरचं आहे. हे नाव सैन्याकडून आलं. १९५०च्या दशकात लाल गरुडाची खूण असलेली लष्कराची डिव्हिजन या भागात होती. त्या काळचा कच्चा रस्ता अजून आहे. साधारण २८०० मीटरवरच्या खिंडीतून तो पलीकडे उतरत उतरत आसामच्या मैदानाच्या तोंडाशी जातो. वर ऱ्होडोडेंड्रॉन आणि बांबू, खाली रानकेळी आणि वेत. एकाच रस्त्यावर इतक्या उंचीचं सलग जंगल हिमालयात फार थोड्या ठिकाणी उरलंय. हत्तीही हाच रस्ता वापरतात. दोन हजार मीटरच्या वर, जिथे श्वास घेताना माझी छाती भरून येत होती, तिथे हत्तीची ताजी लीद पडलेली पाहून मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

पुण्यामुंबईचे पक्षीनिरीक्षक इतक्या लांब का जातात, याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : बुगुन लियोसिकला. या पक्ष्याची कथा पुण्याशी जोडलेली आहे. रमणा आत्रेय हे व्यवसायानं खगोलशास्त्रज्ञ, पुण्यात काम करणारे, रेडिओ दुर्बिणीतून दूरच्या दीर्घिकांचा अभ्यास करणारे. १९९५ साली त्यांना या उतारावर दोन अनोळखी पक्षी दिसले. कोणत्याही पुस्तकात ते बसेनात. दहा वर्षांनी, २००५मध्ये, ते पुन्हा दिसले. मे २००६मध्ये जाळीत दोन पक्षी मिळाले. आत्रेयांनी मोजमापं घेतली, छायाचित्रं काढली, थोडी पिसं ठेवली, आवाजाची नोंद केली आणि दोन्ही पक्षी सोडून दिले.

सोडून दिले, हे मला फार मोठं वाटतं. नवी जात जगासमोर मांडायची तर तिचा एक पक्षी मारायचा, कातडं भरून संग्रहालयात ठेवायचा, हा या शास्त्राचा जुना रिवाज. आत्रेयांना तेव्हा सगळे मिळून १४ पक्षी माहीत होते. त्यातला एकही कमी करण्याजोगा नाही असं त्यांनी ठरवलं आणि पिसं, छायाचित्रं व आवाज एवढ्यावर जातीचं वर्णन ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. भारताच्या मुख्य भूमीवरून पन्नासहून अधिक वर्षांत वर्णन झालेली ही पहिली नवी पक्षी-जात. शास्त्रीय नाव दिलं लियोसिकला बुगुनोरम. बुगुनोरम म्हणजे बुगुनांचा. ज्या जमातीच्या जमिनीवर तो सापडला, त्या जमातीचा.

बुगुन ही लहानशी जमात. अरुणाचलात जंगलाचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या गावांच्या ताब्यात आहे, सरकारी कागद त्याला काहीही म्हणोत. लाकूडतोड हा इथे एके काळी मोठा धंदा होता. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ईशान्येतली तोड थांबली आणि पुष्कळ घरांचा रोजगार गेला. त्यानंतर बुगुनांनी जे केलं ते आपल्याकडे फार थोड्या गावांना जमलंय. सिंगचुंग गावच्या लोकांनी आपल्या मालकीच्या जंगलातला १७ चौरस किलोमीटरचा तुकडा राखीव करून द्यायचं ठरवलं. वन्यजीव कायद्यातल्या २००२च्या दुरुस्तीनं ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ ही तरतूद केली होती, तिच्याखाली २०१७मध्ये ते जाहीर झालं. गस्त गावातली तरुण मुलं घालतात. लियोसिकलाचा वावर मुख्यतः याच तुकड्यात आहे. जंगल त्यांचं, राखणारे ते आणि पक्षीही नावापासून त्यांचाच. आम्ही तिथे पाहुणे होतो, आणि पाहुण्यानं कसं वागायचं हे मला तिसऱ्या दिवशी नव्यानं शिकावं लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला ढग जरा विरळ झाला. आमच्या गटात आम्ही चौघं आणि एक बुगुन वाटाड्या, वय असेल सव्वीस-सत्तावीस. मला तो आंटी म्हणायचा. रस्त्याच्या वळणावर दुसरा एक गट आधीच उभा होता. पाच कॅमेरे, पाच तिवया, लांब भिंगांवर पानापानांच्या नक्षीची कापडं. एका तिवईच्या पायाशी काळा, मुठीएवढा स्पीकर ठेवलेला. मोबाइलवर बोट फिरलं आणि स्पीकरमधून शीळ निघाली, बासरीसारखी, वरून खाली उतरत येणारी.

तांत्रिक कानाला पहिल्यांदा दोष ऐकू येतात, तसे मलाही आले. ध्वनिमुद्रणात मागे सतत किरकिर होती आणि आवाज इतका वाढवलेला होता की वरचे सूर फाटत होते. मग उताराखालच्या झुडपातून तीच शीळ आली, स्वच्छ आणि गोल. जिवंत पक्ष्याची.

पुढे काय झालं ते मी वहीत मिनिटाबरहुकूम लिहून ठेवलंय. वीस मिनिटांत कॉल अकरा वेळा वाजला. पहिल्या तीन वेळा पक्ष्यानं तो संपू दिला आणि मग उत्तर दिलं. पाचव्या वेळेपासून दोन्हींतलं अंतर कमी झालं. सातव्या वेळेपासून तो कॉल संपायची वाट बघेना, मध्येच तोडून बोलू लागला. दोन माणसं भांडताना एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत तसं. पुष्कळ पक्षी प्रतिस्पर्ध्याला दटावताना असंच करतात. आठव्या वेळी तो बाहेर आला. रस्त्यापासून पंधरा फुटांवर, उघड्या फांदीवर.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. हे मी लपवणार नाही. पाठपोट ऑलिव्ह-राखाडी, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळाधमक ठिपका, पंखांवर पिवळं, लाल आणि पांढरं असं काम, शेपटीखाली लाल. जगात इतके थोडे शिल्लक असलेले दुसरे पक्षी मी आयुष्यात पाहिलेले नाहीत. माझ्या अंगावर काटा आला. कॅमेऱ्यांची खटखट सुरू झाली आणि स्पीकर तरीही चालू राहिला, नववी, दहावी, अकरावी वेळ, कारण कोणाच्या तरी चित्रात फांदी आडवी येत होती. पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर, मान वळवत, पिसं फुलवत, नसलेल्या शत्रूला शोधत होता. वीस मिनिटांत त्यानं एकही किडा उचलला नाही. मी तेवढं आवर्जून पाहिलं.

मग ढग परत आला, कॅमेऱ्यांची झाकणं लागली, ‘लाइफर, लाइफर’ म्हणत लोकांनी हात मिळवले. लाइफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात. मलाही कोणी तरी अभिनंदन म्हणालं. माझ्या वहीत त्या तारखेला पक्ष्याचं नाव आहे आणि त्यापुढे कंसात लिहिलंय : दुसऱ्यांच्या स्पीकरवर.

कॉल लावणं किंवा प्लेबॅक म्हणजे काय, हे पक्षीनिरीक्षण न करणाऱ्या वाचकांना सांगायला हवं. विणीच्या दिवसांत नर आपला तुकडा गाऊन राखतो. त्याच्याच जातीच्या दुसऱ्या नराचा आवाज त्या तुकड्यात आला की त्याला येऊन बघावंच लागतं. त्याचं अन्न, त्याची जोडीदारीण, त्याचं घरटं सगळं त्या तुकड्यात असतं. आपल्या घरात रात्री कोणी शिरल्याची चाहूल लागली तर आपण झोपून राहत नाही, तसंच. स्पीकर या नाइलाजाचा फायदा घेतो. पक्ष्याला खोटी बातमी द्यायची आणि तो बाहेर आला की टिपायचा.

ध्वनिमुद्रणावर माझा राग असायचं कारण नाही. त्यावर माझं घर चाललं. आजवर माहीत असलेलं पक्ष्याच्या गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण १८८९ सालचं आहे. लुडविग कॉख नावाच्या लहान मुलानं जर्मनीत, घरातल्या मेणाच्या नळीवर ते केलं आणि तो पक्षी होता शामा, आपल्याकडचाच. नोकरीला लागले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला ही हकीकत सांगितली होती आणि मला तिचा अभिमान वाटला होता. जपून ठेवलेल्या आवाजानं शास्त्राला किती दिलंय याचं ताजं उदाहरण याच पश्चिम अरुणाचलातलं आहे. २००९मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पेर आल्स्ट्रोम आणि आपले शशांक दळवी यांच्या लक्षात आलं, की एकच जात समजल्या जाणाऱ्या कस्तुराचं जंगलातलं गाणं सुरेल आहे आणि झाडांच्या रेषेवरच्या खडकांत तोच कस्तुर खरखरीत गातो. कानाला खटकलेल्या या फरकाचा पाठपुरावा होत होत २०१६मध्ये नवी जात जाहीर झाली. तिला सालिम अलींचं नाव दिलंय. अशा कामात कॉल वाजवावाही लागतो, मोजून, कारणापुरता, आणि त्याची नोंद ठेवून. फोटोसाठी अकरा वेळा वाजवण्याशी त्याचा काही संबंध नाही.

कॉल लावणारे लोक वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. त्यांच्यातले पुष्कळ जण जंगलावर मनापासून प्रेम करतात. त्यांचे तीन मुद्दे नेहमी ऐकू येतात. पहिला, दोन मिनिटांनी काय होतंय? एका गटाच्या दोन मिनिटांनी कदाचित काहीच होत नसेल. पण लियोसिकलाची जागा सगळ्यांना ठाऊक आहे, ते वळण सगळ्यांना ठाऊक आहे आणि हंगाम दीड-दोन महिन्यांचा. आठवड्याला तीनच गट धरले तरी हंगामात वीसएक वेळा त्याच नराला त्याच खोट्या नराशी भांडायला लागणार. प्रत्येक गटाला वाटतं आपण एकदाच वाजवला. पक्ष्याच्या बाजूनं हिशेब वेगळा आहे.

दुसरा मुद्दा, पक्ष्यांना सवय होते. हे खरं आहे. इक्वेडोरच्या अशाच ढगांच्या जंगलात दोन जातींच्या पक्ष्यांवर याचा प्रयोग झाला, २०१३मध्ये तो प्रसिद्ध झाला. पक्षीनिरीक्षक लावतात तसा कॉल त्यांना ऐकवला. सुरुवातीला पक्ष्यांचं वागणं स्पष्टपणे बदललं, पुढे दिवसेंदिवस ऐकवत राहिल्यावर त्यांतल्या एका जातीचा प्रतिसाद उतरत गेला. पक्षीनिरीक्षकांतले काही जण हा अभ्यास आपल्या बाजूनं सांगतात. मला त्यातून उलटी भीती वाटते. ज्या नरानं प्रतिस्पर्ध्याच्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला आपल्यामुळे शिकून घेतलं, त्याच्या तुकड्यात उद्या खराच नर आला तर? १४ पक्ष्यांच्या जगात हा धोका कोणी कोणाच्या वतीनं पत्करायचा?

तिसरा मुद्दा मला मान्य करावा लागतो. दाट जंगलात कॉल न लावता पक्षी बघायचा तर लोक रस्ता सोडून आत घुसतील, झुडपं तुडवतील, त्यापेक्षा लांबून एक हलका कॉल बरा. घुसणं आणि वाजवणं यांतूनच निवडायचं असेल तर हे बरोबर आहे. पण रस्त्यावर थांबून वाट बघणं हाही एक मार्ग आहे आणि त्याला सुट्टीचे दिवस लागतात, एवढीच त्याची अडचण.

लहान पक्ष्याचं रोजचं जगणं किती काटेकोर असतं हे याच ईगलनेस्टमधल्या कामानं दाखवलंय. उमेश श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी इथे कित्येक वर्षं जाळ्यांत पक्षी धरून, पायात कडी घालून, वजन करून सोडतात. तोड झालेल्या जंगलात उष्मा वाढतो, हवा कोरडी होते आणि तिथे राहावं लागणाऱ्या किडेखाऊ लहान पक्ष्यांची तब्येत आणि जगण्याची शक्यता खालावते, असं त्यांच्या नोंदी सांगतात. काही ग्रॅमच्या जिवाला दिवसभर खाऊनच रात्रीची थंडी काढायची असते. त्याची वीस मिनिटं आपल्या वीस मिनिटांएवढी नसतात.

त्या रात्री चुलीपाशी बसले होते. भात, डाळ आणि कसली तरी रानभाजी झाली होती, मोज्यांतल्या जळवा काढून झाल्या होत्या. मी आमच्या वाटाड्याला हिंदीत विचारलं, सकाळचं ते तुला कसं वाटलं, बेटा? तो बराच वेळ निखारे सारखे करत राहिला. मग म्हणाला, “आंटी, हम लोग नहीं बजाएगा तो गेस्ट लोग गुस्सा करता है. बोलता है, इतना दूर से आया, पैसा दिया, पक्षी दिखाओ.” आणि जरा थांबून, “टिप भी नहीं देता.” त्याचे वडील लाकडाच्या ट्रकवर होते. हा पक्षी आला आणि घरात दुसरा रोजगार आला. पक्षी जगावा असं त्याच्याइतकं कोणालाच वाटत नसणार, आणि तरीही स्पीकर बऱ्याचदा त्याच्याच खिशात असतो, कारण मागणी आपली असते.

माझं सगळं म्हणणं या एका ठिकाणी येऊन थांबतं. वाटाड्यांना प्रशिक्षण द्या, नियमांचे फलक लावा, वन खात्यानं लक्ष घालावं, हे सगळं ठीक आहे. अभयारण्यात वन्यजीवांना त्रास देणं १९७२च्या कायद्यानं आधीच मना आहे. पण पैसे देणाऱ्यानं ‘वाजवू नकोस’ म्हटल्याशिवाय स्पीकर बंद होणार नाही. पैसे देणारे आपण आहोत. जंगल राखल्याचा मोबदला बुगुनांना पर्यटनातून मिळतो, म्हणून तिकडे जायचं, चांगले पैसे द्यायचे, गावाची फी घासाघीस न करता भरायची. पण ते पैसे जंगलात नेऊन आणल्याचे आहेत. पक्षी दाखवल्याचे नाहीत. हे वाटाड्याला पहिल्याच दिवशी, पहिल्या चहालाच सांगितलं पाहिजे. आम्ही ते तिसऱ्या रात्री सांगितलं, दोन दिवस उशिरा, आणि टिपेची पाकिटं तेव्हाच त्याच्या हातात दिली. त्याला अवघडल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवसापासून तो वेगळाच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंड ओलांडून बोंपू कॅम्पला उतरलो. तिथे त्यानं आम्हाला एका वळणावर बसवलं आणि म्हणाला, इथे थांबू. पाऊण तास काही नाही. ढग, ठिबक, एखादा बेडूक. दीड तास झाला. आमच्यातले एक जण उठून पाय मोकळे करायला लागले. मग उतारावरून एक बारीक कुजबुज यायला लागली, लग्नघरात पाहुणे दारात येण्याआधी जिन्यावर गलका ऐकू येतो तशी. मिश्र थवा. ढगांच्या जंगलात किडेखाऊ पक्षी जातीपातीची सरमिसळ करून एकत्र हिंडतात. कोणी पानं उलटतो, कोणी साल टोकरतो, कोणी उडालेला किडा हवेतच धरतो, आणि शिकारी पक्षी आला तर इतक्या डोळ्यांतून सुटत नाही. आधी पिवळ्या कंठाचे फुलवेटा आले, कमरेएवढ्या उंचीवर, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. त्यांच्यावरच्या थरात सिबिया, शेवाळ उपटून उपटून खाली टाकत. खोडावर डोकं खाली करून उतरणारी ब्यूटिफुल नटहॅच, आपल्या मखमली शिलींध्रीची मोठी बहीण म्हणावी अशी, पाठीवर निळ्या रेघा. कॉल न लावता तीही दिसली. सगळ्यात वर, थव्याशी संबंध नसल्यासारखा, एक वॉर्ड्स ट्रोगनचा नर येऊन बसला. सह्याद्रीतला कर्णा ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याची बसण्याची ढब ओळखू येईल, तसाच ताठ आणि निश्चल.

बारा मिनिटांत थवा आमच्या अंगावरून गेला म्हटलं तरी चालेल. मी त्याचं ध्वनिमुद्रण केलं. घरी पुष्कळदा ऐकते. त्यात आमच्यातला कोणी बोललेला नाही, फक्त शेवटी आमच्या वाटाड्याचं हसणं आहे.

हे लांबच्या जंगलापुरतं आहे असं समजू नये. रानपिंगळा आपला, महाराष्ट्राचा. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती, नामशेष झाला असंच धरलं होतं. नोव्हेंबर १९९७मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. आता मेळघाटात दिसतो, २०१४पासून मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही माहीत झालाय. हे घुबड दिवसा वावरतं, कॉलला चटकन उत्तर देतं आणि म्हणून रविवारच्या गाड्यांना सोपं सापडतं. ११३ वर्षांनी परत मिळालेल्या पक्ष्याला आपण दर रविवारी खोट्या शेजाऱ्याशी भांडायला लावतो. तिथले वाटाडेही आदिवासी गावांतले आहेत आणि त्यांच्यावरही तेच दडपण आहे.

निघायच्या दिवशी भालुकपाँगच्या नाक्यावर परवाने दाखवताना आमच्या मागे पुण्याचाच एक गट उभा होता, वर जाणारा. त्यांनी मला विचारलं, लियोसिकला मिळाला का? मी हो म्हटलं आणि कसा मिळाला तेही सांगितलं, रांग पुढे सरकेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं. त्यांच्यातल्या एका मुलीनं पाठपिशवीतून आपला छोटा स्पीकर काढून मला दाखवला आणि म्हणाली, “काकू, हा आता गाडीतच राहील.” तिनं शब्द पाळला असेल असं मी धरून चालते.

पुढच्या एप्रिलच्या सहली आत्ताच ठरत असतील. आयोजकाला फोन कराल तेव्हा मुक्काम, जेवण आणि गाडीच्या आधी त्यांना एक प्रश्न विचारा : तुम्ही कॉल लावता का? हो म्हणाले तर दुसरा आयोजक शोधा.